ग्रुपची किल्ली कोणाच्या कमरेला?



नदीकाठच्या मोटरघराला कुलूप असते. त्याची किल्ली कोणाकडे असावी हे पाणीपुरवठा संस्थेच्या सभेत ठरते. पाटकरी बदलला की किल्ली दुसऱ्याकडे जाते, वहीत नोंद होते, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. पाटकऱ्याने एखाद्याची पाळी चुकवलीच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या दारात चार माणसे उभी राहतात. मग मला सांगा, तुमच्या मोबाईलवर ऊस उत्पादकांचा ग्रुप चालतो, दूध संस्थेचा चालतो, भावकीचा चालतो, गणेश मंडळाचा चालतो, त्यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत? त्या कोणी दिल्या? आणि उद्या परत घ्यायच्या झाल्या तर कशा घेणार?

कोडोली आणि वारणा भागात बांधावर बसून हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला आहे. उत्तर ठरलेले असते, "ज्यानं ग्रुप काढला तोच ॲडमिन, दुसरं कोण?" म्हणजे सामाईक विहिरीवर ज्याने पहिली कुदळ मारली, विहीर कायमची त्याचीच! विहिरीच्या बाबतीत हे आपण कधी चालवून घेतले असते का?

आपल्या भागाला ही यंत्रे तशी नवी नाहीत. १९९८ साली शेजारच्या वारणानगरात केंद्र शासनाच्या पुढाकाराने आणि वारणेच्या सहकारी संस्थांच्या साथीने परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याची योजना सुरू झाली होती. गावच्या केंद्रावर बसलेला ऑपरेटर उसाची नोंद, तोडणी, वजन, बिल असे सगळे पाहून सांगायचा. २००७ च्या सुमारास त्यातल्या काही गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिले गेले. तेव्हा यंत्र संस्थेचे होते, माणूस नेमलेला होता आणि त्याला विचारणारा साहेब होता. आता यंत्र तुमच्या खिशात आहे, काम फुकट आहे आणि साहेब कोणीच नाही. फुकट काम करणाऱ्याला हटकायचे कसे, इथेच सगळे अडते.

कारभारी काय काय करू शकतो?

ज्यांनी ग्रुप नुसता वाचला आहे, कधी चालवला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपचा ॲडमिन नव्या माणसाला आत घेतो, असलेल्याला बाहेर काढतो. फक्त ॲडमिननेच लिहावे असे बटण दाबून तो बाकी सगळ्यांची तोंडे बंद करू शकतो. २०२२ पासून दुसऱ्याने टाकलेला मजकूर सर्वांसाठी पुसण्याची सोयही त्याच्या हाती आली. आणि सर्वांत मोठा अधिकार म्हणजे तो आणखी कोणालाही ॲडमिन करू शकतो. त्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही. २०१८ पूर्वी तर एकदा केलेला ॲडमिन उतरवायचा म्हणजे त्याला ग्रुपमधून हाकलायचे आणि पुन्हा आत घ्यायचे, एवढाच मार्ग होता. भरल्या पंगतीतून माणसाला उठवून पुन्हा "बसा" म्हणण्यासारखेच ते! त्या वर्षी अधिकार काढून सभासद म्हणून ठेवण्याची सोय झाली. मात्र मूळ ग्रुप काढणाऱ्याला दुसरा कोणी उतरवू शकत नाही; तो आपणहून बाहेर पडेपर्यंत ॲडमिनच राहतो. एकटाच ॲडमिन असलेला माणूस बाहेर पडला, तर यंत्र उरलेल्यांतून कोणाला तरी आपल्या मनाने ॲडमिन करते. त्या यंत्राला ना तुमचे गाव माहीत, ना माणसे.

एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलात, असे म्हणू नका. उसातल्या रुंद पानांच्या तणासाठी आपण २,४-डी मारतो. वाऱ्यावर त्याचे तुषार शेजारच्या टोमॅटोवर किंवा मिरचीवर गेले, तर पाने वळतात, वाढ खुंटते आणि शेजाऱ्याचे पीक हातचे जाते. आता समजा, रात्री साडेनऊला एकाने ग्रुपवर टाकले की मात्रा दुप्पट घ्या, वारा असला तरी चालतो. सकाळी सहाला पाठीवर पंप घेणारा माणूस झोपण्यापूर्वी तेवढेच वाचतो. चूक ओळखणारे दोघे-तिघे असतात, ते तसे लिहितातही. पण मागून वीस 'शुभ रात्री' येतात आणि त्यांचे म्हणणे वर सरकून दिसेनासे होते. मजकूर पुसण्याचा अधिकार एकाच्याच हातात, आणि तो एक पुतणीच्या लग्नात वाढपी म्हणून फिरतो आहे. टोमॅटो कोणाचा जायचा?

याहून भयंकर गोष्ट आपल्याच राज्यात घडून गेली आहे. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. भिक्षेसाठी फिरणारे ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते, मंगळवेढा भागातले. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. पण ग्रुपमध्ये येऊन पडलेली अफवा तिथल्या तिथे थोपवायची ती कोणी? दुसऱ्याचा मजकूर तेव्हा ॲडमिनला पुसता येत नव्हता. टाकणाऱ्याला बाहेर काढणे आणि "ही गोष्ट खोटी आहे, पुढे पाठवू नका" असे ठणकावून लिहिणे एवढेच त्याच्या हाती होते. त्यासाठीसुद्धा माणूस जागेवर लागतो.

हे ऐकले की काही जण दचकून म्हणतात, "साहेब, मग मला त्या ॲडमिनकीतून मोकळं करा, उगाच पोलीस मागं लागायचे." त्यांच्यासाठी एक निकाल सांगून ठेवतो. गोंदिया जिल्ह्यातील एका ग्रुपमध्ये एका सभासदाने एका महिलेविषयी घाणेरडे लिहिले. ॲडमिनने त्याला काढले नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली ॲडमिनवरचा तो खटला रद्द केला. दोघांचा मिळून आधीच ठरलेला डाव असल्याचे दिसल्याशिवाय, दुसऱ्याच्या लिखाणासाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. माणसे आत घेणे आणि बाहेर काढणे यापलीकडे ॲडमिन इतर सभासदांसारखाच, असाही विचार त्या निकालात आहे. पुसण्याची सोय त्यानंतर वर्षभराने आली, हे लक्षात ठेवा. कायद्याचे कायदा पाहील. पण ज्या बाईविषयी लिहिले गेले, ती गावात कोणाच्या तोंडाकडे पाहणार होती, हा प्रश्न कोर्टापुढचा नसला तरी आपल्यापुढचा आहे.

चावडी आणि कौल

एकमेकांचे तोंडही न पाहिलेली हजारो माणसे फुकट काम करतात आणि किल्ल्या कोणाला द्यायच्या, कोणाकडून काढायच्या हे ठरवतात, अशी एक जागा आहे. तिचे नाव विकिपीडिया. तुमची मुले शाळेचा प्रकल्प करताना त्यातूनच उतरवून घेतात. कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे असा हा ज्ञानकोश. मराठी विकिपीडिया २००३ साली १ मे रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तिथल्या कारभाऱ्याला 'प्रचालक' म्हणतात. नको ते पान काढून टाकणे, भांडणातल्या पानाला कुलूप घालणे, खोडी काढणाऱ्याला लिहिण्यापासून अडवणे ही त्याची कामे. सर्वांनी मिळून बोलायच्या पानाचे नाव 'चावडी', आणि मत आजमावायच्या पानाचे नाव 'कौल'. ही नावे ज्याला सुचली त्याला माझा मुजरा. आपल्या माणसाला यापेक्षा वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

कोणाला प्रचालक करायचे तर त्याचे नाव उघडपणे मांडले जाते आणि लोक बाजूने किंवा विरुद्ध लिहितात. अर्जदाराने आजवर केलेले प्रत्येक काम, अगदी एका वेलांटीची दुरुस्तीसुद्धा, तारीख-वेळेसह तिथे नोंदलेले असते. त्यामुळे कोण कोणाचा मेव्हणा यापेक्षा कोणी काय काम केले, कोणाशी कसा बोलला, यावर चर्चा होते. किल्ली दिली की त्याची नोंद, काढली की त्याचीही नोंद, आणि ती वही जगात कोणालाही उघडून पाहता येते. आपल्या सोसायटीचे प्रोसिडिंग पाहायला मागितले की सचिवाचा चेहरा कसा होतो, ते आठवा म्हणजे फरक कळेल.

विकिपीडियाच्या सुरुवातीच्या काळात इंग्रजीत ही किल्ली मागेल त्या भल्या माणसाला सहज मिळे. २००३ साली उघड अर्जाची पद्धत बसली. प्रचालकपद ही काही फार मोठी गोष्ट समजू नये, असे संस्थापक जिमी वेल्स त्या वेळी सांगत. झाडू ज्याच्या हातात तो काही मालक नव्हे, अशी ती भावना. पुढे मात्र लोकांना ती गोष्ट मोठी वाटू लागली. अर्ज करणाऱ्याची आठवडाभर उलटतपासणी होऊ लागली आणि अर्ज करणारेच कमी झाले. मान म्हणून दिलेली किल्ली काढताना अपमान होतो आणि काम म्हणून दिलेली सहज फिरते, हे तिथे दिसून आले. २०२४ च्या ऑक्टोबरात त्यांनी गुप्त मतदानाने निवडणूक घेऊन पाहिली, तेव्हा एका दमात ११ प्रचालक मिळाले.

काढण्याची पद्धत मला अधिक शिकण्यासारखी वाटते. बहुतेक भाषांच्या विकिपीडियांवर जे किल्ली देतात त्यांना ती काढता येत नाही. काढण्याचे काम बाहेरच्या माणसांकडे असते. सर्व विकिपीडिया मिळून दरवर्षी काही स्वयंसेवक निवडतात, त्यांना स्टुअर्ड म्हणतात. स्थानिक लोकांनी कौल द्यायचा आणि स्टुअर्डने तो बजावायचा. आपल्या स्वतःच्या भाषेच्या घरात मात्र त्याने ही कात्री शक्यतो चालवायची नाही, असा दंडक आहे. सोसायटीच्या निवडणुकीला निवडणूक अधिकारी गावाबाहेरचा का आणतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि जो भांडत नाही, चुकत नाही, पण फिरकतही नाही, त्याचे काय? त्यासाठी २०१३ पासून सर्वांना लागू होणारी रीत आहे. दोन वर्षे ज्या प्रचालकाने काहीच काम केलेले नाही, त्याला निरोप जातो आणि महिनाभर वाट पाहतात. तो "मी आहे" म्हणाला तर तिथले लोक चर्चा करून ठरवतात. काहीच उत्तर आले नाही तर किल्ली काढून घेतात. रुसवा नाही, चौकशी नाही, आरोप नाही. जिथे मते द्यायला पुरेशी माणसेच नाहीत अशा लहान भाषांत तर किल्ली मुळातच तीन महिने, सहा महिने, वर्ष अशा मुदतीने देतात. स्वीडिश भाषेच्या विकिपीडियावर प्रचालकाला दर वर्षी पुन्हा लोकांपुढे जावे लागते. जर्मन विकिपीडियावर २००९ पासून अशी सोय आहे की महिनाभरात २५ जणांनी मागणी केली की प्रचालकाने पुन्हा मतदानाला उभे राहावे किंवा पद सोडावे. इंग्रजीवाल्यांना तेवढ्याच सह्यांची तशीच रीत बसवायला २०२४ साल उजाडले. मला विचाराल तर स्वीडनवाल्यांचे बरे. सह्या गोळा करायची वेळ आली म्हणजे भांडण आधीच पेटलेले असते.

नावे उडवणारा कारभारी

वेळेवर किल्ली न काढल्याची किंमत एका देशाने मोजली आहे, तीही सांगितली पाहिजे. युरोपात क्रोएशिया नावाचा चाळीसेक लाख वस्तीचा देश आहे. त्यांच्या भाषेच्या विकिपीडियाचा कारभार २०११ च्या सुमारापासून मोजक्या प्रचालकांच्या एका टोळक्याच्या हाती गेला. दुसऱ्या महायुद्धात तिथे उस्ताशा नावाची राजवट होती, तिने हजारो निरपराध लोकांना छावण्यांत मारले. त्या राजवटीचे काळे कृत्य सौम्य करून लिहिले जाऊ लागले. कोणी हरकत घेतली की प्रचालक त्याला लिहिण्यापासून अडवत. २०१३ साली गोष्ट इतकी चव्हाट्यावर आली की खुद्द शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले, क्रोएशियन विकिपीडियावर विसंबू नका.

तरी किल्ल्या निघाल्या नाहीत. का निघाल्या नाहीत? किल्ली काढायला मते लागतात, आणि मते देणाऱ्यांनाच कारभाऱ्यांनी आधी दाराबाहेर ठेवले होते. निवडणुकीपूर्वी सभासद यादीतून विरोधकांची नावे उडवण्याचा खेळ तुम्ही पाहिला असेल. क्रोएशियात तोच झाला. उरलेले कंटाळून निघून गेले आणि सभा टोळक्याचीच झाली. बाहेरचे लोक म्हणत, हा त्यांच्या घरचा प्रश्न, आपण कसे पडायचे? अखेर २०२० ते २०२१ मध्ये बाहेरच्यांनी लक्ष घातले, टोळक्याच्या म्होरक्याला सर्वच विकिपीडियांवरून कायमचे बंद केले, बाकीच्यांचे अधिकार गेले, आणि विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ साली त्या सगळ्याचा अहवाल छापला. तोवर जवळजवळ दहा वर्षे शाळेतली पोरे वेडावाकडा इतिहास वाचत होती.

आपल्या ग्रुपला स्टुअर्ड नाही, हे इथे ध्यानात घ्या. व्हॉट्सॲपची कंपनी तुमच्या भांडणात पडणार नाही, तहसीलदार पडणार नाही. सरपंचावर अविश्वास आणायला कायदा आहे, लेखी नोटीस आहे, बोलावलेली सभा आहे. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांसाठी १९६० चा सहकार कायदा आहे. ग्रुपच्या ॲडमिनसाठी यातले काही नाही. म्हणून जे काही ठरवायचे ते सगळे गुण्यागोविंदाने आहेत तोवर ठरवावे लागते.

माझ्या पाहण्यात शेतकऱ्यांचा एक चांगला चाललेला ग्रुप होता. एकच ॲडमिन, मनाने उदार. खते-औषधे विकणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला त्यांनी दुसरा ॲडमिन केले. पुढे ते स्वतः दीर्घ आजारी पडले, फोन कपाटात गेला. दुसऱ्याने रोज आपल्या मालाच्या जाहिराती टाकायला सुरुवात केली. "हे औषध लागू पडले नाही" असे लिहिणारे एकेक जण बाहेर गेले. लोकांनी तक्रार करायची कोणाकडे? शेवटी सगळ्यांनी मिळून नवा ग्रुप काढला, पण जुन्या ग्रुपमधली चार वर्षांची माहिती, कोणत्या रानात हुमणी कधी लागली, कोणी काय केले, ती तिथेच राहिली.

म्हणून ॲडमिन निदान तीन असावेत असे मी सांगतो, आणि ते तीन वेगवेगळ्या गल्ल्यांतले, वेगवेगळ्या धंद्यांतले. ज्याचा ग्रुपमध्ये काही विकण्याशी संबंध आहे त्याने सभासद खुशाल राहावे, किल्ली घेऊ नये. एखादा मजकूर पुसला किंवा कोणाला काढले, तर दुसऱ्या ॲडमिनला विचारून आणि कारण ग्रुपवर एका ओळीत लिहून. घातक मजकूर असेल तर आधी पुसा, मग विचारा. काढलेल्या माणसाला आपली बाजू मांडायची तर कोणाला फोन करायचा, हेही लिहून ठेवा. क्रोएशियात नेमकी तीच वाट बुजवली होती. हे सगळे ग्रुपच्या माहितीच्या जागी पाच-सहा ओळींत मावते.

भगिनींनो, बचत गटांकडे मी मुद्दाम वळतो. अध्यक्ष आणि सचिव बदलत्या ठेवण्याची शिस्त चांगल्या गटांना ठाऊक आहे, त्यात पुरुषांनी तुमच्याकडून शिकावे. पण कितीतरी गटांच्या ग्रुपचा ॲडमिन पाहावा तर अध्यक्षबाईंचा मुलगा नाही तर मालक! "आम्हाला त्यातलं कळत नाही" म्हणून किल्ली त्याच्याकडे. कोणाचा हप्ता थकला, कोणी कर्ज मागितले, हे तुमच्या घरातले बोलणे तो वाचतो, आणि कोणाला आत घ्यायचे तेही त्याच्याच बोटावर. मजकूर कसा पुसायचा आणि माणूस आत कसा घ्यायचा, हे शिकायला अर्धा तास पुरतो. पोराला शिकवायला बसवा, शिकून घ्या आणि त्याला बाहेर काढा. त्याला राग येणार नाही; आला तर जेवण तुमच्याच हातचे आहे.

उरला तो अवघड भाग, जुन्या ॲडमिनकडून किल्ली घेण्याचा. "काढला" हा शब्द गावात वाऱ्यासारखा पळतो, म्हणून तो शब्दच वापरू नका. गळीत हंगाम संपला, उसाची बिले हाती आली की एक तारीख धरून दरवर्षी किल्ल्या फिरवा. तिघांपैकी एक उतरेल, एक नवा चढेल, दोन जुने राहतील म्हणजे काम अडत नाही. उतरणाऱ्याचे आभार ग्रुपवर माना. ज्याने मूळ ग्रुप काढला त्याला तर यंत्र उतरवूच देत नाही, तेव्हा त्याच्याशी गोडीने बोलून त्याने एकदा बाहेर पडून सभासद म्हणून परत यावे असे ठरवावे लागेल. बाहेर पडण्यापूर्वी दुसरे दोन ॲडमिन केलेले आहेत ना, हे मात्र पाहून घ्या.

वर्षभर ज्याने ग्रुपमध्ये तोंड उघडले नाही त्याच्याकडे निरोप धाडून महिनाभर थांबायची आपल्याला गरज नाही. तो विकिपीडियाचा प्रचालक नव्हे, तिसऱ्या गल्लीतला माणूस आहे. संध्याकाळी धारा काढून झाल्या की त्याच्या ओसरीवर जाऊन बसावे आणि विचारावे, "अण्णा, यंदा ग्रुपचं काम दुसऱ्याकडं देऊ का?"